प्राध्यापक नक्की कोणाचा? सातारा-सांगलीच्या स्टाफरूममधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नव्याने लागलेले सहायक प्राध्यापक विचारतात, नेट-सेट या पात्रता परीक्षा पास होऊन जाहिरातीची वाट बघणारे विचारतात, आणि कधीकधी त्यांचे आई-वडीलही. सातारा, कराड, सांगली, मिरज, तासगाव, जत या पट्ट्यातली सीनियर कॉलेजं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. जिथे नियम सांगितला आहे तिथे तो नियम आहे. बाकीची मतं माझी.

सीनियर कॉलेजात लागलेल्या माणसाचा मालक कोण?

तीन आहेत. नेमणूक कॉलेज चालवणारी संस्था देते, ऑर्डरवर सही सचिवांची किंवा अध्यक्षांची असते. मान्यता विद्यापीठ देतं. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि तिथून अप्रूव्हलचं पत्र हातात पडेपर्यंत तुम्ही रोज शिकवत असलात तरी कागदावर अधांतरीच असता. जागा अनुदानित असेल तर पगार सरकार देतं. उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून, ज्याला सगळे 'जेडी ऑफिस' म्हणतात, तिथून बिल पुढे सरकतं आणि सेवार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून रक्कम खात्यावर येते.

त्यामुळे स्टाफरूममध्ये बसून नुसतं ऐकलं तरी कळतं: पगार लांबला की 'शासन' वाईट, बदली झाली की 'संस्था' वाईट, निकाल रखडला की 'विद्यापीठ' वाईट. काम करून घेणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि लायक ठरवणारा तिसरा. यातून प्राध्यापकाला थोडी मोकळीक मिळते, कारण कोणा एकाची पूर्ण पकड त्याच्यावर नसते. पण अडचण आली की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

जुने सर म्हणायचे, 'आम्ही नोकर नव्हे, आम्हीच कॉलेज.' हा नुसता अभिमान का?

नुसता नाही. जगभरच्या विद्यापीठांत एक गोष्ट आवडीने सांगितली जाते. जनरल आयझेनहॉवर १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. प्राध्यापकांना उद्देशून बोलताना ते त्यांना विद्यापीठाचे कर्मचारी म्हणाले, तेव्हा नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ इझिडोर रबी यांनी त्यांना सांगितलं की आम्ही विद्यापीठाचे कर्मचारी नाही, आम्हीच विद्यापीठ आहोत. सांगणारा बदलला की शब्दही बदलतात, मुद्दा तोच राहतो.

पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये सुरू झालं ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. ही सोसायटी १८८४ साली पुण्यात निघाली तेव्हा तिची रचनाच अशी होती की शिकवणारे आजीव सदस्य हेच संस्था चालवणार. वीस वर्षं सेवेची हमी आणि महिना ७५ रुपये. वर मालक नाही, खाली नोकर नाही. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात सहा वर्षांत जोरदार भांडण झालं. आजीव सदस्याने बाहेर काम करावं का, बाहेरची कमाई स्वतः ठेवावी का, यावर टिळक एका बाजूला आणि आगरकर, गोखले दुसऱ्या बाजूला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं हे शेवटचं निमित्त झालं आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

आज एखादा प्राध्यापक संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन करतो आणि प्राचार्य त्याला केबिनमध्ये बोलावतात, तेव्हा तोच वाद सव्वाशेहून जास्त वर्षांनी पुन्हा घडत असतो. फरक एवढाच की १८९० मध्ये भांडणारे दोन्ही पक्ष संस्थेचे धनी होते. आता एक पक्ष केबिनमध्ये बसलेला असतो आणि दुसरा उभा असतो. 'आम्हीच कॉलेज' हे वाक्य खरं असायला संस्थेच्या निर्णयात हात असावा लागतो. तो किती उरलाय, हे पुढच्या उत्तरांत येईल.

रयतमध्ये नातं वेगळं आहे का?

बऱ्याच अंशी हो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. 'कमवा आणि शिका'मधून शिकलेली पोरं पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाली. ज्याचं वसतिगृहातलं जेवण, फी, पहिली नोकरी सगळं एकाच संस्थेतून आलं, त्याला 'तुमचं संस्थेशी नातं काय' असा प्रश्न विचारणंच विचित्र वाटतं. घर बांधायला कर्जसुद्धा रयत सेवक बँकेचं. भाऊरावांची, म्हणजे अण्णांची, जयंती २२ सप्टेंबरला असते आणि त्या दिवशी मिरवणुकीत चालणाऱ्या प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर हजेरीची सक्ती दिसत नाही, निदान सगळ्यांच्या तरी नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे बदली. संस्थेची महाविद्यालयं अनेक जिल्ह्यांत पसरलेली आहेत. त्यामुळे साताऱ्यात घर, सासू-सासरे आजारी, मुलगी दहावीला, आणि ऑर्डर निघते पनवेलची. संस्था म्हणते कुटुंब आहे, कुटुंबात जिथे गरज तिथे जायचं असतं. प्राध्यापक म्हणतो कुटुंब आहे तर निदान आधी विचारावं. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर हा प्रश्न सुटत नाही. एकाच कॉलेजची छोटी संस्था असेल तर बदलीची भीती नसते, पण मग पस्तीस वर्षं त्याच चार संचालकांच्या नजरेखाली काढावी लागतात.

प्राध्यापकाची निष्ठा कॉलेजशी असते की विषयाशी?

आल्विन गोल्डनर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास एका छोट्या महाविद्यालयातल्या शिक्षकांचा अभ्यास करून दोन प्रकार मांडले. एक प्रकार स्थानिक: यांचं मन कॉलेजात, मित्र कॉलेजात, मान कॉलेजात. दुसरा बाहेर नजर असलेला: त्याला आपल्या विषयातल्या, दूर कुठेतरी बसलेल्या लोकांचं मत महत्त्वाचं वाटतं, कॉलेज हा त्याच्यासाठी मुक्काम. ही विभागणी आजही स्टाफरूममध्ये जशीच्या तशी दिसते. एक सर गॅदरिंग, एनएसएसचं शिबिर, प्रवेशाची धावपळ यांत रमलेले, गावात दहा पावलं चालले तर दोन माजी विद्यार्थी पाया पडणार. दुसऱ्या मॅडम कोपऱ्यात लॅपटॉपवर. त्यांचा शोधनिबंध बाहेरच्या देशात वाचला जातो आणि शेजारच्या विभागाला त्यांचा विषयही नीट माहीत नसतो.

सांगलीत याचं एक उत्तम उदाहरण होऊन गेलं. वि. कृ. गोकाक आणि रं. श्री. मुगळी हे कन्नडमधले दोन मोठे लेखक विलिंग्डन कॉलेजात शिकवत होते, गोकाक तिथे प्राचार्यही होते. गोकाकांना पुढे ज्ञानपीठ मिळालं. त्यांची कीर्ती ज्या वाचकांमध्ये वाढली ते बहुतेक कृष्णेच्या नव्हे, मलप्रभेच्या आणि तुंगभद्रेच्या काठचे. म्हणून त्यांचं सांगलीशी नातं खोटं होतं का? मला उलटं वाटतं. बाहेर ओळख असलेला माणूस कॉलेजला काहीतरी देऊ शकतो, कारण त्याला कॉलेजकडून मान मागावा लागत नाही. फक्त कॉलेजने त्याला टाइमटेबल समितीत बसवून संपवू नये.

एपीआय, कॅस, प्लेसमेंट यांमुळे हे नातं बदललं का?

फार बदललं, आणि माझ्या मते वाईट दिशेने. कॅस म्हणजे ठरावीक वर्षांनी पदोन्नती देणारी योजना, आणि त्या पदोन्नतीलाच स्टाफरूममध्ये प्लेसमेंट म्हणतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमावलीने एपीआय ही गुण मोजण्याची पद्धत आणली: शोधनिबंधाला एवढे गुण, चर्चासत्राला एवढे, समितीवर असण्याला एवढे. हेतू वाईट नव्हता. त्याआधी पदोन्नती वशिल्याने होते अशी ओरड होतीच. पण मोजायला लागल्यावर लोक मोजमापासाठी काम करू लागले. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणारी नियतकालिकं उगवली. त्यांना आवर घालायला यूजीसीने २०१८ मध्ये केअर यादीची, म्हणजे मान्य नियतकालिकांच्या यादीची, घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. ज्यांनी मधली वर्षं 'निबंध केअरमध्ये आहे का' या एका चिंतेत घालवली, त्यांना आता विचारायला कोणी नाही.

पैशाचा भागही समजून घ्या, म्हणजे फाइलसाठी लोक एवढे का धडपडतात ते कळेल. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पुढची पायरी ६८,९०० ची. पीएचडी असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी ती मिळू शकते. सहयोगी प्राध्यापक झालात की १,३१,४०० पासून सुरुवात. म्हणजे प्लेसमेंट दोन वर्षं रखडली तर नुकसान चहापाण्याचं नसतं. त्यामुळे रिफ्रेशर कोर्सचं प्रमाणपत्र, समितीच्या नेमणुकीचं पत्र, उद्घाटनाचा फोटो, सगळं जपून ठेवणारा प्राध्यापक लोभी नाही. व्यवस्थेने त्याला स्वतःच्या नोकरीचा कारकून करून ठेवलंय.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय मूल्यांकनाच्या, वर्षात तर बोलायलाच नको. तपासणीला पीअर टीम येणार म्हटल्यावर भिंती रंगतात आणि पाच वर्षांचे अहवाल पंधरा दिवसांत लिहिले जातात.

आठवड्याला १६ तास शिकवायचं आणि एवढा पगार. लोक बोलतात त्यात चूक काय?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्याच नियमांत कामाचा एकूण भार आठवड्याला ४० तासांहून कमी नसावा, असंही आहे. लोक पहिला आकडा वाचतात. तयारी, पेपर तपासणी, त्यासाठीचं कॅप सेंटर, प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणूक ड्युटी हे दुसऱ्या आकड्यात बसतं, आणि कधी त्याच्याही बाहेर. अर्थात सोळा तासही न घेणारे आहेत. ते प्रत्येक कॉलेजात एक-दोन असतात आणि ते सगळ्या गावाला माहीत असतात.

सीएचबीवर शिकवणाऱ्यांनी कॉलेजशी कसलं नातं मानायचं?

या पानावरचा हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि बाकीच्या सगळ्या चर्चेला तो पोकळ ठरवू शकतो.

सीएचबी म्हणजे घड्याळी तासिका तत्त्व. जितके तास वर्गात, तितके पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आली, वर्ग भरला नाही, की पैसे नाहीत. नेमणूक त्या वर्षापुरती, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच प्रमाणपत्रं. मानधन महिन्याला येईल असंही नाही. काही ठिकाणी सहामाही संपल्यावर एकदम येतं. हातात पीएचडी, सेट, आणि विट्याहून किंवा वडूजहून एसटीने रोजची ये-जा. दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास. वय चाळीसच्या पुढे गेलेले कितीतरी जण आहेत. मुलीकडचे 'पर्मनंट आहे का?' एवढंच विचारतात आणि बोलणं तिथेच थांबतं.

नियम काय म्हणतो ते बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तेव्हाच नेमावेत, एकूण शिक्षकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. अतिथी शिक्षकांसाठी यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर ठरवला. राज्यातला सीएचबीचा दर त्याच्याखालीच राहिलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितलं आणि शिक्षकांचा गौरव नुसता तोंडाने करून भागत नाही अशा अर्थाचं बजावलंही. महाराष्ट्रातल्या सीएचबीच्या माणसाने तो निकाल वाचला, पुढे पाठवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजर झाला.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर तीन शिक्षक निवडून जातात, त्यात किमान एक महिला. पण मतदान पूर्णवेळ शिक्षकांनी आपसांत करायचं. म्हणजे ज्याच्या जिवावर निम्मा विभाग चालतो त्याला मत नाही. तरीही गॅदरिंगच्या रात्री खुर्च्या उचलायला तो असतो, पोरांचे फोन त्यालाच येतात, कारण तो तरुण आहे आणि उचलतो. त्याला 'कॉलेज आपलं समजून काम करा' असं सांगणाऱ्यांनी आधी त्याच्या नेमणुकीच्या पत्रावरची शेवटची तारीख वाचावी.

जे सीएचबीवर आहेत त्यांना माझा सल्ला कोरडा आहे. विद्यार्थ्यांशी प्रामाणिक राहा, विषय सोडू नका, आणि कॉलेजला तेवढंच द्या जेवढं लिहून मागितलं आहे. विनावेतन नॅकची फाइल करून दिल्याने पुढे जागा निघते हा समज आहे. जागा शासनाने पदभरतीला मान्यता दिली आणि आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाली की निघते.

संप किंवा बहिष्कार होतो तेव्हा प्राध्यापक नक्की कोणाविरुद्ध असतात?

जवळजवळ नेहमी शासनाविरुद्ध, संस्थेविरुद्ध क्वचितच. २०१३ चा बहिष्कार आठवा. राज्यातल्या प्राध्यापकांच्या महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. आपल्या भागात सुटा ही शिवाजी विद्यापीठाच्या शिक्षकांची संघटना त्यात होती. एक प्रमुख मागणी होती १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट शिक्षकांच्या सेवेची. शासनाने पगार अडवला आणि ७१ दिवसांच्या वेतनाचा वाद न्यायालयात गेला.

त्या वेळी पालक चिडले होते, आणि ते समजण्यासारखं होतं. पण लक्षात घ्या, हत्यार काय वापरलं गेलं: शिकवणं नव्हे, परीक्षेचं काम. बहुतेकांनी वर्ग चालू ठेवले होते. आपलं भांडण पगार देणाऱ्याशी आहे, पोराशी नाही, ही रेघ प्राध्यापक ओढू बघत होते. निकाल लांबला तेव्हा ती रेघ पोरांना दिसली नाही, हेही खरं.

शिक्षकांना विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघही आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांचा मिळून पुणे शिक्षक मतदारसंघ होतो. निवडणूक जवळ आली की नोंदणीचे अर्ज स्टाफरूममध्ये आपोआप येऊन पडतात.

प्राध्यापक कायद्याने कामगार असतो का?

नाही. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक 'कामगार' नव्हेत. त्यामुळे कामगार न्यायालयाचं दार बंद. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अपिलाला मुदत असते, म्हणून 'सचिव साहेबांशी बोलून बघू' म्हणत महिने घालवू नका. बोलणी चालू ठेवा आणि वकिलाकडेही जा.

ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ग्रॅच्युइटी कायद्यात आणलं, तेही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. विनाअनुदानित कॉलेजातल्या आणि खासगी विद्यापीठातल्या लोकांना हे पुष्कळदा माहीत नसतं. पाच वर्षं सलग झाली असतील तर विचारा.

संस्थेबद्दल किंवा विद्यापीठाबद्दल उघड बोललं तर?

कागदावर तुम्ही बरेच मोकळे आहात. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या शिक्षकांच्या दर्जाबद्दल जी शिफारस स्वीकारली तिच्यात, ज्या संस्थेत काम करतो तिच्याबद्दल मोकळेपणाने मत मांडण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं आहे. ती शिफारस आहे, बंधन नाही. यूजीसीच्या आचारसंहितेतही शिक्षकाने परिसंवाद, परिषदांमध्ये मोकळं मत मांडावं असं म्हटलेलं आहे.

प्रत्यक्षात कारवाई क्वचित 'टीकेबद्दल' होते. ती होते मस्टरवर उशिरा सही केल्याबद्दल, रजेचा अर्ज वेळेत न दिल्याबद्दल, दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या खरेदीच्या पावतीबद्दल. हे सगळीकडचंच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९०० साली एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाला जावं लागलं, कारण त्यांची मतं संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना पटली नाहीत. त्या प्रकरणाची धग पुढे १९१५ मध्ये तिथल्या प्राध्यापकांची देशव्यापी संघटना उभी राहण्यापर्यंत पोचली. संस्थापकाच्या घरातल्या माणसाचा शब्द म्हणजे काय, हे आपल्याकडच्या प्राध्यापकाला समजावून सांगावं लागत नाही.

पैसे देणारा हात गप्प बसवू शकतो हे आपल्याच जिल्ह्यानेही पाहिलं आहे. भाऊराव पाटलांनी सरकारवर टीका केल्यावर १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचं अनुदान थांबवलं होतं. ते नंतर सुरू झालं, अण्णा गप्प बसले नाहीत. पण त्यांच्या पाठीशी गावंच्या गावं होती. एकट्या सहायक प्राध्यापकाच्या पाठीशी बहुतेकदा बायको आणि गृहकर्जाचा हप्ता असतो.

म्हणून माझं मत: व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री अकराला लिहिण्यात काही शौर्य नाही. विकास समितीत, अभ्यास मंडळात, अधिसभेत बोला आणि ते इतिवृत्तात आलं का ते तपासा. २०१६ च्या कायद्याने या मंडळांवर नामनिर्देशित माणसं वाढवली, निवडून येणारी कमी झाली, हे खरं आहे. तरी उरलेल्या जागा रिकाम्या सोडल्या तर तक्रार कोणाकडे करणार?

माझ्या नोट्स, पुस्तक, यूट्यूबवरची लेक्चरं कोणाची?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तुम्ही सुट्टीत, स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं पाठ्यपुस्तक त्यात येईलच असं नाही. आपल्याकडे प्राध्यापकांची पुस्तकं वर्षानुवर्षं त्यांच्याच नावावर आणि त्यांच्याच रॉयल्टीवर निघत आली आहेत. वाद येतो तो कॉलेजच्या स्टुडिओत, कॉलेजच्या वेळेत चित्रित झालेल्या व्हिडिओंवर. करोनाच्या काळात सगळ्यांनी ते केले, कोणी काही लिहून घेतलं नाही. आता रेकॉर्डिंगची सूचना आली तर दोन ओळींचं पत्र देऊन विचारा: हे पुढच्या वर्षी माझ्याऐवजी लावणार का?

बाहेरच्या देशांत प्राध्यापक खरंच राजे असतात का?

काही ठिकाणी. ऑक्सफर्डमध्ये काँग्रिगेशन आणि केंब्रिजमध्ये रीजंट हाउस या सभांकडे आजही अंतिम अधिकार आहे आणि त्यांत मुख्यतः तिथलेच प्राध्यापक बसतात. पण त्याच ब्रिटनने १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने नव्या नेमणुकांसाठी कायमपणाचं जुनं संरक्षण काढून टाकलं. जर्मनीत प्राध्यापक हा सहसा सरकारी अधिकारी, त्याला हलवणं कठीण. पण त्याच्या हाताखालचे संशोधक मुदतीच्या करारावर, आणि २०२१ मध्ये त्यांनी समाजमाध्यमांवर जोरदार आवाज उठवला. आपली सीएचबीची मंडळी त्यांना लगेच ओळखतील.

सगळ्यात गमतीदार अमेरिकेचं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्राध्यापकच अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका ठरवतात, म्हणजे ते व्यवस्थापनाचा भाग, म्हणून संघटना करून सामूहिक वाटाघाटी करण्याचा कायद्याचा हक्क त्यांना नाही. 'आम्हीच विद्यापीठ' असं म्हणण्याची एवढी किंमत मोजावी लागेल असं रबींच्या पिढीला वाटलं नसेल.

कॉलेज स्वायत्त झालं किंवा क्लस्टर विद्यापीठात गेलं तर शिक्षकाचा फायदा?

साताऱ्यात २०२१ मध्ये रयतच्या तीन महाविद्यालयांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी त्याच्या बऱ्याच आधीपासून स्वायत्त आहे. फायदा खरा आहे: आपला अभ्यासक्रम आपण लिहायचा. ज्याने वीस वर्षं दुसऱ्याने ठरवलेले घटक शिकवले, त्याला ही चव वेगळीच लागते. तोटा असा की परीक्षा विभागही आपल्याच अंगणात येतो, आणि पूर्वी विद्यापीठाच्या नावाने जी ओरड करता यायची ती आता शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या नावाने करावी लागते. शिवाय तीन मालकांपैकी विद्यापीठ आणि संस्था एकमेकांच्या जवळ सरकतात. संस्थेवर नाराज असलेल्याला पूर्वी कोल्हापूरला जाता यायचं. तो रस्ता अरुंद होतो.

नुकताच रुजू झालोय. पहिल्या आठवड्यात काय करू?

नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचं मान्यतापत्र, निवड समितीचा अहवाल आणि जाहिरातीचं कात्रण यांच्या प्रती घरी ठेवा, कॉलेजच्या कपाटावर विसंबू नका. आधीच्या नोकरीतून आला असाल तर कार्यमुक्तीचा आदेश आणि ना हरकत पत्र सोबत जोडा, नाहीतर वेतननिश्चितीत अडकाल. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, तेव्हा एनपीएसचं, म्हणजे नव्या निवृत्तिवेतन योजनेचं, खातं उघडलं का आणि शासनाचा हिस्सा जमा होतो का ते दरवर्षी बघा. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि प्रत्येक नोंदीनंतर ती भरून घ्या. हेडक्लार्क पहिल्यांदा हसतील. मागत राहा.